एका खिळ्याची जागा

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात एकच खिळा ठोकला आणि त्या एका खिळ्याला एक अख्खा हिवाळा लागला. मी त्याचा साक्षीदार आहे, तोही तोंडी नाही, सही करून. त्या खिळ्यापायी जेवढे कागद खर्ची पडले तेवढ्यात यमुनेवर एखादा पूल मंजूर होऊन, बांधून होऊन, त्याच्या डागडुजीची निविदासुद्धा निघाली असती.

गाझियाबादला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. नोकरी गुरुग्रामला. म्हणजे एका राज्यात आंघोळ करायची, दुसरं राज्य मेट्रोत उभ्यानं ओलांडायचं आणि तिसऱ्यात जाऊन पंच करायचं. सकाळी केलेली दाढी ऑफिसात पोचेपर्यंत पुन्हा उगवलेली असायची. म्हणून आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करायचो, आणि घरून काम म्हणजे बहुतांशी मागच्या बाल्कनीत बसून काकांच्या बागेकडं बघणं.

खाली काका आणि काकू. काका केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. चौतीस वर्षं सरकारी क्वार्टरांत काढली, त्यातली शेवटची एकोणीस लक्ष्मीबाई नगरात, तिसऱ्या मजल्यावर. निवृत्तीनंतर हे घर घेतलं. का, तर मागं पंचवीस फूट बाग होती. बाग म्हणजे एक पेरू, एक लिंबू, एक कढीपत्ता आणि टोकाला विटांची कंपाउंडची भिंत. काकूंना जमिनीवर राहायचं होतं. त्या जमिनीवर आल्या, एक उन्हाळा बागेत हिंडल्या आणि मग मागच्या खोलीतल्या पलंगावर आडव्या झाल्या त्या झाल्याच. फुप्फुसं वाळत चालली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घुमायचं, आणि त्याची नळी नाकाला लावून काकू खिडकीकडं तोंड करून असायच्या. हा हिवाळा त्या काढतील, पुढचा नाही, हे डॉक्टर तोंडानं म्हणाले नव्हते, पण घरात सगळ्यांना कळलं होतं. काकूंना सगळ्यांत आधी.

त्यांनी त्या हिवाळ्यात एकच वस्तू मागितली. "मला खिडकीतून पाखरं दिसू देत." बंगळुरूला असलेल्या त्यांच्या मुलीनं दसऱ्याला एक लाकडी बर्ड फीडर पाठवून दिला. छोट्या घरासारखा, उतरतं छप्पर, आणि भोकं एवढीशी की चिमणीच्या वर काही आत शिरू नये. आता तो फक्त टांगायचा होता. तुम्ही-आम्ही तो चहा गाळता गाळता टांगला असता. पण तो काकांना टांगायचा होता.

काकांची आणि खिळ्यांची गोष्ट समजून घ्यायला हवी. सरकारी क्वार्टर सोडताना भिंतींची तपासणी होते, आणि भोक सापडलं तर ते कायमचं आपल्या नावावर लागतं, अशी भीती त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी घातली होती. अशी भीती सगळ्यांनाच घालतात. बाकीच्यांनी ती ऐकून घेतली आणि भिंत फोडून एसी बसवले. काकांनी ती पाळली. चौतीस वर्षांत एक खिळा नाही. आधीच्या रहिवाशानं जिथं ठोकून ठेवलाय, तिथं ह्यांची वस्तू लागणार. एका क्वार्टरात घड्याळ दाराच्या मागं, त्यामुळं वेळ बघायची तर दार लावून घ्यायचं. दुसऱ्यात कॅलेंडर गुडघ्याच्या उंचीवर, तिथं आधी बहुधा सर्कशीतला माणूस राहून गेला असावा. आणि लक्ष्मीबाई नगरात मोकळे खिळे निघाले दोन. एक स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर आणि एक न्हाणीघरात. न्हाणीघरातल्या खिळ्यावर लग्नाचा फोटो लागला.

"एकोणीस वर्षं मी स्वतःला शालूत बघत आंघोळ केली रे," काकू मला सांगायच्या. दोन शब्दांमागं एकदा थांबायच्या, श्वास गोळा करायच्या, पण गोष्ट अर्धी सोडायच्या नाहीत. "वाफेनं आधी ह्यांचा चेहरा गेला. मग माझा. आता नुसत्या मुंडावळ्या राहिल्यात."

"बाईसाहेब, तो फोटो सुस्थितीत आहे," काका शेजारून म्हणायचे.

काका बायकोला बाईसाहेब म्हणायचे आणि बाकी सगळ्या सृष्टीला आपण. मी त्यांच्या धाकट्या भावापेक्षाही लहान, तरी मला कधी अरे-तुरे नाही. पेरूवरच्या मांजरालाही ते "आपण खाली उतरावं" असं सांगायचे आणि, खोटं नाही सांगत, मांजर उतरायचं. माझ्या न्हाणीघरातला नळ गळायला लागला तेव्हा मी जिना उतरून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "लेखी द्या." दिलं. तासाभरानं जिना चढून आले, दम लागलेला, आणि हातात चिठ्ठी: अर्ज मिळाला, कार्यवाही चालू आहे. चिठ्ठी देऊन ते उतरले, पाना घेतला, पुन्हा चढले आणि नळ दुरुस्त केला. मग पुन्हा उतरून वर दुसरी चिठ्ठी आणली: कार्यवाही पूर्ण.

तर अशा माणसानं दाणापात्राची फाइल उघडली. दाणापात्र हा त्यांचा शब्द. फाइलीवर विषय लिहिला: पक्ष्यांच्या दाणापात्राची जागा निश्चित करणेबाबत. आत बागेचा नकाशा, त्यात चौदा जागा, प्रत्येकीला क्रमांक. पेरूचं झाड: मांजराचा वावर. कपड्यांची तार: माकडं. पाण्याची टाकी: पलंगावरून दिसत नाही. कढीपत्ता: फांदी वजन पेलणार नाही, शिवाय भाजीला पानं लागतात. प्रत्येक जागेपुढं चार-चार ओळींचं कारण. फक्त पहिल्या जागेपुढं, म्हणजे काकूंच्या खिडकीच्या गजापुढं, कारण नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, 'अंतर दोन फूट. नामंजूर.' आणि खाली दोनदा रेघ मारलेली, इतकी दाबून की कागद फाटला होता.

दर आठवड्याला ही फाइल पलंगाकडं जायची, अभिप्रायासाठी. काकू उशीखालची पेन्सिल काढून लिहायच्या. दिवाळीच्या आठवड्यात लिहिलं, 'लवकर करा.' पुढच्या आठवड्यात, 'कुठंही चालेल.' त्याच्या पुढच्या आठवड्यात, 'मी आहे तोवर.' खाली काकांच्या ठाशीव अक्षरात उत्तर होतं, 'नोंद घेतली.'

तुम्हाला वाटेल माणूस दगड होता. मलाही वाटायचं. पण मग चाचणी सुरू झाली.

डिसेंबर उजाडला तशी हवा अशी झाली की घास तोंडात घालण्याआधी फुंकून घ्यावा. काकूंच्या खोलीच्या खिडकीच्या फटी काकांनी चिकटपट्टीनं बंद केल्या. आणि स्वतः माकडटोपी, मफलर, मास्क चढवून दाणापात्र हातात घेऊन बागेत गेले. क्रमांक पाचच्या जागेवर उभे राहिले, हात वर केला आणि तसेच थांबले. अर्धा तास. खांबासारखे. आत काकूंच्या हातात टॉर्च. पात्र नीट दिसलं तर एकदा लुकलुकायचा, नाही तर दोनदा. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, ऑपरेशन ह्या आजारपणामुळं पुढं ढकललेलं. दहा फुटांपलीकडं त्यांना माणूस आणि म्हैस सारखीच. पण टॉर्चचा उजेड कळायचा.

मी बाल्कनीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंगमध्ये आणि खाली हा माणूस धुक्यात हात वर करून उभा. हात भरून आला की दुसरा हात. तीन आठवड्यांत त्यांचा दंड पैलवानासारखा झाला, आणि एक बुलबुल तर त्यांच्या टोपीवर घरटं बांधायच्या विचारात होता, काड्यांची जुळवाजुळव मी डोळ्यांनी पाहिली. मिस्त्रीला रोज बोलावून ठेवलेलं. तो ड्रिल मशीन घेऊन पायरीवर बसायचा, चहा प्यायचा आणि परत जायचा.

"भैया," तो मला म्हणाला, "साहब को बोलो, खुद ही टँग जाएँ. इतने दिन में तो चिड़िया को भी आदत पड़ गई."

मी खाली गेलो की काकू विचारायच्या, "आमचा खांब आज कुठं उभाय?"

"नऊ नंबरला, काकू."

"नऊ नंबर मला दिसतो. मी एकदा लुकलुकवलं." त्या थांबल्या, नळी सारखी केली. "तरी नामंजूर करतील बघ. काल सातवाही दिसत होता."

आणि खरंच, त्यांना दिसलेल्या सगळ्या जागा नामंजूर होत होत्या. फाइलीत कारण एकच: अंतर अपुरं. अकरा फूट, अपुरं. एकोणीस फूट, अपुरं. काकूंचे ओठ आता निळसर दिसायला लागले होते. मशीनचा आकडा दोनवरून चारवर गेला होता. मी पुणेरी माणूस, दुसऱ्याच्या घरात बोलायचं नाही असं ठरवूनही पंधरा मिनिटांच्या वर ते मला जमत नाही. एका दुपारी पायरीवर त्यांना गाठलं आणि म्हणालो, "काका, यार, तात्पुरता टांगा ना कुठंतरी. नंतर हलवता येईल."

काकांनी पात्र खाली ठेवलं. मास्क हनुवटीवर ओढला.

"तात्पुरतं काही नसतं," ते म्हणाले. हे ते नेहमी म्हणायचे, चपलांच्या स्टँडपासून सरकारपर्यंत सगळ्याला. पण ह्या वेळी पुढं बोलले. "लक्ष्मीबाई नगरात स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर खिळा होता, आपल्याला सांगितलं असेल ह्यांनी."

"हो. दोन होते. एक न्हाणीघरात."

"बाईसाहेबांना दिवसभर एकटं वाटायचं. मी सकाळी आठला जायचो, रात्री आठला यायचो. मुलगी शाळेत. म्हणाल्या, पाखरांना दाणे ठेवावेत. मी एक जुनं ताट घेतलं, तारा बांधल्या. जागा बघायला गेलो. खिळा होताच. म्हटलं, तात्पुरतं इथं." त्यांनी बोटं मोडली, एकेक. "अर्धं मिनिट लागलं असेल. ओट्यापासून दोन फूट."

मी पायरीवर बसून नुसतं ऐकलं. आयुष्यात असं चारदाच झालंय.

"चिमण्या आठवडाभर आल्या. मग कबुतरं. मग फक्त कबुतरं. ताटाखाली, आधीच्या रहिवाशानं बसवून ठेवलेल्या एसीवर, खिडकीच्या पट्टीवर थर साचायचा. वाळला की बाईसाहेब केरसुणीनं झाडायच्या, आणि वरचा धुरळा पंखा आत ओढायचा. एकोणीस वर्षं. खोकला लागला तेव्हा सगळे म्हणाले, दिल्लीचा आहे, सगळ्यांना असतो. मग इथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, घर में कबूतर हैं? मी म्हटलं, थे. कितने साल? मी म्हटलं, उन्नीस. त्यांनी फोटो खाली ठेवला."

"काका, तुम्हाला काय माहीत होतं."

"ते बरोबर आहे. पण जागा मी ठरवली होती." त्यांनी मास्क पुन्हा वर ओढला. "डॉक्टर म्हणतात, आता लांबून बघू देत, खिडकी बंद ठेवून, कबूतर मात्र जवळ फिरकता कामा नये. आता ह्याचा अर्थ आपल्याला कळतो. पण लांबून म्हणजे किती फूट, हे ते लिहून देत नाहीत. मी दोनदा विचारलं."

आणि पात्र उचलून ते बारा नंबरच्या जागेवर जाऊन उभे राहिले, हात वर करून. त्या दिवसापासून मी त्यांची टिंगल थांबवली. म्हणजे कमी केली.

जागा ठरली ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी. चौदावी. बागेच्या टोकाची भिंत, काकूंच्या उशीपासून बत्तीस फूट. तिच्या पलीकडं जागाच नव्हती, पलीकडं दुसऱ्याचं घर होतं. काकूंनी टॉर्च एकदा लुकलुकवला. ठिपका दिसतो, म्हणाल्या. ठिपका तर ठिपका.

आता खिळा. मिस्त्री ड्रिल घेऊन पुढं सरसावला. काकांनी त्याला हातानं अडवलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "परवानगी कुणाची घ्यावी लागेल?"

"भिंत तुमची आहे, काका."

ते आत गेले. अर्जदार म्हणून अर्ज लिहिला, मालक म्हणून त्यावर मंजुरी दिली, अर्जदार म्हणून प्रत स्वीकारली. मग मिस्त्रीच्या हातातून हातोडी घेतली. सत्तरीत पहिल्यांदाच हातोडी धरलेली, त्यामुळं पहिला घाव विटेवर, दुसरा अंगठ्यावर, तिसरा माझ्या अंगठ्यावर, कारण खिळा मी धरला होता. चौथा बसला. खिळा आत जाताना लाल भुकटी पडली, ती त्यांनी तळहातावर झेलली आणि बघत राहिले. चौतीस वर्षांची तपासणी कुठूनतरी येऊन उभी राहील अशी नजर होती. कुणी आलं नाही. खिडकीत टॉर्च लुकलुकला. एकदा, पुन्हा एकदा, मग लुकलुकतच राहिला, सेल संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिळगुळाबरोबर मला नेमणुकीचं पत्र मिळालं. पद: निरीक्षक. काकांना भिंतीपर्यंत दिसत नाही, काकूंना ठिपका दिसतो, तेव्हा वरच्या मजल्यावरून रोज कोणती पाखरं आली ते मी फोनवर कळवायचं. काका नोंद करणार आणि काकू ऐकणार. कबुतरांसाठी स्वतंत्र रकाना होता. त्यात एकाचा आकडा पडला तरी पात्र उतरवण्यात येईल, असं पत्रात कलम होतं.

पहिले चार दिवस काहीच आलं नाही. एक पान पडलं, तेवढंच. मी काय कळवणार? चार चिमण्या, म्हणालो. दुसऱ्या दिवशी सहा. मग मला रंग चढला. बुलबुल आला. सातभाई आले, सातच्या सात, मागून आठवा. हुदहुद आला. एक दिवस धनेश आला, चोचीमुळं पात्रात बसेना म्हणून निघून गेला. फेब्रुवारीत मी एक रोहित उतरवला, लांब पायांचा, गुलाबी. काकांनी फोनवर विचारलं, "रोहित पाण्याशिवाय?"

"टाकी वाहत होती, काका."

मागं काकू हसताना ऐकू आल्या. हसणं म्हणजे नुसता श्वास अडखळल्यासारखा आवाज, पण हसणंच. काकांनी लिहिलं: रोहित एक, निरीक्षकाच्या सांगण्यानुसार.

खरी पाखरं पाचव्या दिवशी आली होती. पात्राची भोकं लहान, पण वारा हलवायचा आणि दाणे खाली विटांवर सांडायचे. ते टिपायला आली. करडी, जाडजूड, मान पुढंमागं करत. पहिल्या दिवशी दोन, आठवड्यात पंधरा. बाजरी संपली की भिंतीवर ओळीनं बसायची. मी बाल्कनीतून हाड् हाड् केलं, कपड्याचा चिमटा फेकून मारला. ती माझ्याकडं अशी बघायची की भाडेकरू मीच. आता कळवावं तर पात्र उतरणार. म्हणून मी रकान्यात रोज शून्य सांगत राहिलो, आणि मला वाटलं घरात हे एकट्या मलाच माहीत आहे.

काका औषधं आणायला गेले होते त्या दिवशी काकूंनी मला बोलावून घेतलं. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केलेली. त्यांनी बोटानं खिडकी दाखवली.

"किती आहेत?"

"सहा चिमण्या, काकू. आणि एक—"

"अरे, मला चष्मा आहे." श्वास. "चिमणी भिंतीवर अशी बसते होय? लाटणं ठेवल्यासारखी?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"एकोणीस वर्षं ओट्याशी माझ्यासमोर हीच होती. बाकी कोण होतं? एकीला एक पायच नव्हता. एकीची दोन पिल्लं एसीवर झाली, मी ह्यांना न सांगता उन्हाळाभर एसी लावला नाही." बराच वेळ त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या. "मला पाखरं हवीत असं मी म्हणाले ना, ती हीच. चिमण्यांचं मला काही नाही."

"काकू, पण डॉक्टर—"

"आता काय करणारेत ती. करून झालं त्यांचं." मग माझं मनगट पकडलं. बोटं बर्फ. "ह्यांना कळू देऊ नकोस. पुन्हा चुकलं असं वाटेल. तो एक खिळा ठोकलाय बिचाऱ्यानं. तू चिमण्याच सांग. तो लांब पायांचाही सांग कधीमधी."

मी सांगत राहिलो. काका लिहीत राहिले. नोंद घेताना ते पलंगाशेजारी, खिडकीकडं पाठ करून बसायचे. काकू त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडं बघत असायच्या, आणि मी वरून सांगत असलेल्या सहा चिमण्या ऐकताना त्यांच्या तोंडावर जे काही असायचं ते मला वरून दिसायचं नाही. पण काकांना समोरून दिसत असणार.

एका गोष्टीचं तेव्हा मला नवल वाटायचं. पंधरा-पंधरा कबुतरं दिवसभर बसून जातात तिथं खालच्या विटा पांढऱ्या व्हायला हव्यात. त्या सकाळी लालभडक असायच्या, नुकत्या भट्टीतून काढल्यासारख्या. मी धुक्याला श्रेय दिलं. दिल्लीकडचं धुकं ओलं असतं, पडत असेल रात्री, निघत असेल धुऊन. माझा विचार साधारण एवढाच खोल जातो.

होळीच्या चार दिवस आधी, सकाळी, नोंदीच्या वेळी काकू गेल्या. मी फोनवर होतो. "आठ चिमण्या," म्हणालो, आणि पलीकडं मशीनचा आवाज होता, काकांचा नव्हता. मग ते म्हणाले, "आठ. बरं. आपण खाली या."

मुलगी आली, पंधरा दिवस राहिली, परत गेली. बाबांना बंगळुरूला नेते म्हणाली; त्यांनी लेखी मागितलं, विचार करतो म्हणाले. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मागची खोली रिकामी. पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला, मशीन परत गेलेलं. इतके महिने त्या घुमण्याखाली त्या खोलीला दुसरा आवाज नव्हता. आता होता. चिकटपट्टी लावलेल्या बंद खिडकीतूनही स्पष्ट येत होता, घशातल्या घशात घुमणारा, एकामागून एक. ओळखायला निरीक्षक लागत नाही.

काका खुर्चीवर बसले होते, फाइल मांडीवर. "प्रकरण बंद करायचं आहे," म्हणाले. शेवटचं पान उलगडलं. माझा सगळा पराक्रम तिथं ठाशीव अक्षरात उतरला होता. चिमण्या, बुलबुल, सातभाई, हुदहुद, धनेश, रोहित. आणि शेजारी कबुतरांचा रकाना. शून्य, शून्य, शून्य, पट्टी लावून काढल्यासारखी सरळ, वरपासून खालपर्यंत.

"निरीक्षक म्हणून खाली सही करावी."

मी पेन घेतलं. बाहेर घुमणं चालू होतं. काका माझ्याकडं बघत नव्हते, फाइलीकडंही नाही.

"एकही कबूतर नाही," ते म्हणाले. "बरोबर?"

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, काही तर कामाचा भाग म्हणून. एवढ्या हळू आवाजात कधी मारली नव्हती.

"एकही नाही, काका."

सही केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन तपासली, खाली तारीख घातली, फाइलीची दोरी बांधली, दुहेरी गाठ मारली. मग खुर्चीचा हात धरून उठले, दाराआड गेले आणि एक बादली घेऊन आले. बादलीत काथ्याचा ब्रश होता, झिजून अर्धा झालेला, बुडाशी पांढरट चिकटलेला. वर एक मास्क, धुऊन धुऊन रंग गेलेला. त्यांनी बादली माझ्या पायांशी ठेवली.

"उद्यापासून विटा आपण धुवाल का? मला आता वाकवत नाही," काका म्हणाले. "आधी पाणी मारायचं, चांगलं भिजू द्यायचं, मग ब्रश. कोरडं झाडायचं नाही. धूळ उडते."